कडाबीन, परवाना आणि कोल्हापूर

कोल्हापूरचे नाव काढले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे तांबडी माती उभी राहते. शाहू महाराजांनी बांधलेले खासबागेचे मैदान, तालमींचे घुमणारे शड्डू आणि गदा खांद्यावर घेतलेला मल्ल! या दरार्‍यापुढे याच गावात मुकाट्याने वाढलेल्या दुसर्‍या एका विद्येकडे पुष्कळ दिवस कुणाचे लक्ष गेले नाही. ती विद्या नेमबाजीची. मी शाळामास्तर, इतिहास शिकवतो. नवशिक्याच्या हाती पहिली बंदूक कोणती आणि कशी येते, या साध्या प्रश्नामागे केवढा इतिहास दडला आहे, तेच आज वाचकांपुढे मांडायचे आहे.

जुन्या मराठीत ‘कडाबीन’ असा एक शब्द आहे. फिरंग्यांच्या ‘कार्बाइन’ला आपल्या लोकांनी घातलेले हे मराठी अंगरखे. कडाबीन म्हणजे आखूड बंदूक. लांब नळीची बंदूक घोड्यावर सांभाळणे अवघड. म्हणून स्वारासाठी नळी आखूड झाली. पुढे अमेरिकेत आणखी एक सोय निघाली. विंचेस्टर कंपनीने १८७३ साली काढलेल्या रायफलीचेच काडतूस काही वर्षांनी कोल्टच्या पिस्तुलातही चालू लागले. खांद्यावरच्या बंदुकीला आणि कमरेच्या पिस्तुलाला एकच काडतूस! गरीब माणसाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, दोन हत्यारांना एकच दाणागोटा पुरतो.

हीच कल्पना आता खेळात उतरली आहे. अमेरिकेत धावत, आडोसे घेत, जवळची लक्ष्ये टिपण्याची एक स्पर्धा चालते. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे, असा तिचा हिशेब. तीत पिस्तुलाचे काडतूस वापरणार्‍या कार्बाइनला २०१६ साली स्वतंत्र वर्ग मिळाला. नवशिक्याला ती मानवते, याचे कारण उघड आहे. पिस्तूल दोन हातांवर तरंगते. कार्बाइनला खांद्याचा आणि गालाचाही आधार मिळतो. धक्का सौम्य, आणि काडतूस रायफलीच्या काडतुसापेक्षा स्वस्त. शिकाऊ माणूस चुकतो तो एका बारीक गोष्टीत. नेम धरण्याचे भिंग नळीच्या बरेच वर बसवलेले असते. त्यामुळे अगदी जवळच्या लक्ष्यावर गोळी नेमाच्या खाली लागते. तेवढे ध्यानात ठेवले की साध्यातली साधी कार्बाइनही दगा देत नाही.

मग ही बंदूक आपल्याकडच्या पोरांच्या हाती का दिसत नाही? कार्बाइन आपल्या ओळखीची आहे. कानपूरच्या कारखान्यात तयार झालेली नऊ मिलिमीटरची कार्बाइन पोलिसांच्या खांद्यावर आपण पाहिली आहे. परंतु नऊ मिलिमीटर हा आपल्या कायद्याने निषिद्ध ठरवलेला बोअर आहे. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. या निर्बंधाची मुळे शोधू लागलो की आपण थेट आपल्याच डोंगरांत येऊन पोचतो.

१८४४ साली कोल्हापूर संस्थानातल्या गडकर्‍यांनी बंड केले. पिढ्यान्‌पिढ्या किल्ले राखणारी ही माणसे. त्यांच्या जमिनींच्या वहिवाटीत नव्या कारभाराने हात घातला आणि सामानगड पेटला. मग भुदरगड, पन्हाळाही. इंग्रजी फौजेने बंड मोडले, आणि त्यापाठोपाठ गडकर्‍यांचे वंशपरंपरागत पहारेही मोडीत निघाले. पुढे ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातली सत्ताविसावी पलटण उठली. तीही चिरडली गेली. त्याच वर्षी हत्यारे सरकारजमा करण्याचा हुकूम सुटला. तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी शस्त्रे खाली ठेवण्यास साफ नकार दिला. त्याची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली. अखेर १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले. गोर्‍यांना मात्र त्यातून सूट होती.

प्रजेचा हात असा रिकामा झाला. बंदूक उरली ती राजेरजवाड्यांच्या शिकारीपुरती. दाजीपूरचे रान हे करवीरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान. १९५८ साली तेच गव्यांचे अभयारण्य झाले.

स्वराज्य आल्यावर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण? लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळणकर! गांधीजींच्या चळवळीत तुरुंग भोगलेला हा मराठी माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष व्हावा, यात काहींना विसंगती वाटेल. मला वाटत नाही. ज्याला हत्यार धरताच येत नाही त्याच्या अहिंसेची परीक्षा कुठे होते? १९५९ साली देशाने स्वतःचा शस्त्रास्त्र कायदा केला. परवाना राहिला, आणि राहिला हे बरेच झाले. पण गोरा आणि काळा हा भेद गेला.

आपल्याकडे नवशिक्याची पहिली बंदूक म्हणून आली ती हवेची रायफल. तिच्यात दारू नाही, धडाका नाही. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा दहा मीटरवरच्या कागदावर जातो. पण त्या कागदावरचे दहा गुणांचे टिंब अवघे अर्ध्या मिलिमीटरचे! श्वास कुठे थांबवावा, चाप कसा दाबावा, गोळी सुटल्यावरही अंग कसे स्थिर ठेवावे, हे सारे तीच शिकवते.

या पाटीवर मुळाक्षरे गिरवून कोल्हापूरच्या मुलींनी नाव काढले. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. हा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तिचे यश पाहून तिच्याच शाळेतली राही सरनोबत पिस्तुलाकडे वळली, आणि २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक घेतले. नेमबाजीत भारतीय महिलेचे ते पहिले आशियाई सुवर्ण.

आणि दाजीपूरचे रान ज्या राधानगरी तालुक्यात, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे! शिक्षकाचा मुलगा, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस. २००९ साली तो सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये, गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन स्थितींच्या स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळवले. आरंभी मागे पडलेला हा गडी उभ्याच्या फेरीत वर चढत गेला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक पदक यायला बहात्तर वर्षे जावी लागली.

खाशाबांना हेलसिंकीला धाडण्यासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकले होते. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. खरे तर ती थोड्या शरमेने सांगायला हवी. प्रजेच्या हातून बंदूक काढून घेतली तेव्हा त्यामागे राज्यकर्त्यांचे भय होते. आज ती सामान्य घरातल्या पोराच्या हाती येत नाही, यामागे भय नाही; किंमत आहे. स्पर्धेची रायफल परदेशातून येते, काडतुसे रोज लागतात, आणि शिक्षकाचा पगार किती हे मला कुणी सांगायला नको.

तालमीत येणार्‍या पोराला वस्ताद कधी माती विकत आणायला सांगत नाही. माती तालमीची असते. पोराने फक्त अंग घेऊन यायचे. नेमबाजीची पहिली बंदूक तशीच शाळेची, गावाची असली पाहिजे. पोराने फक्त डोळा आणि धीर घेऊन यावे.