पेजेतली शितं

हॉटेलात चार माणसं जेवायला बसली की वेटर पहिला प्रश्न विचारतो, "सूप काय आणू?" मग टोमॅटो, मनचाव, स्वीट कॉर्न अशी नावं घेतली जातात आणि आपण काहीतरी परदेशी मागवतो आहोत असा भाव सगळ्यांच्या चेहऱ्यावर येतो. खरं म्हणजे 'सूप' हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. संस्कृतात सूप म्हणजे डाळीचं पातळ कालवण आणि सूपकार म्हणजे आचारी. अज्ञातवासात विराटाच्या मुदपाकखान्यात शिरायचं ठरलं तेव्हा भीमानंही आपण राजासाठी सूपं करू, असंच सांगितलं होतं. इंग्रजी सूपशी या सूपाचं नातं मात्र काही नाही. तो शब्द आला रश्श्यात भिजवलेल्या पावाच्या तुकड्यावरून. दोघांची नावं जुळली, एवढंच.

तर श्रोतेहो, "तुमचं आवडतं सूप कोणतं?" असं मला कोणी विचारलं की मी जरा अडखळतो. माझं उत्तर हॉटेलच्या कार्डावर सापडत नाही. ते उत्तर आहे पेज. साधी, उकड्या तांदळाची पेज.

ज्यांनी ती प्यायली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भात सालासकट उकडून, वाळवून मग सडला की होतो उकडा तांदूळ. जाडसर आणि तांबूस. मूठभर तांदूळ आणि भांडंभर पाणी चुलीवर ठेवायचं आणि विसरून जायचं. तासाभरानं शितं फुगून मऊ होतात, पण त्यांचा लगदा होत नाही. पाण्याला दाटपणा येतो, एक तांबूस रंग येतो. वरून मीठ. सोबत खारातली कैरी, नाहीतर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दक्षिण कोकणात आणि गोव्यात शेतावरची माणसं सकाळी दहा-अकराला ही पेज पितात आणि पुन्हा कामाला लागतात.

इतिहास शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. राजे, लढाया, तह, सनावळ्या. या पेजेलाही काही इतिहास असेल, असं मात्र मला फार उशिरा सुचलं. शोधायला लागलो तेव्हा पहिला धागा नावातच सापडला. संस्कृतात 'पेया' म्हणजे पिण्याजोगी. प्राकृतात तिची 'पेज्जा' झाली आणि आपल्याकडे 'पेज'. दोन हजार वर्षांत शब्द थोडासाच झिजला आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय उघडला तर तिथे पेजेचं एक दालनच आहे. पोटशुळासाठी, अतिसारासाठी, जंतांसाठी, न भागणाऱ्या तहानेसाठी, अशा २८ यवागू तिथे सांगितल्या आहेत. यवागू म्हणजे पेजेची थोरली बहीण. नावात यव आहे, म्हणजे मुळात ती जवाची असणार. वैद्यांनी या कुटुंबातल्या प्रत्येकीला वेगळं नाव दिलं. शितं काढून टाकलेलं नुसतं पाणी म्हणजे मंड. थोडी शितं असलेली ती पेया. शितं जास्त झाली की यवागू आणि चमच्याला चिकटेल इतकी घट्ट झाली की विलेपी. पाण्याचं प्रमाणही ठरलेलं. मंडाला धान्याच्या चौदापट, यवागूला सहापट, विलेपीला चौपट. मंडाचं हे चौदापट पाणी जरा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

वमन-विरेचनासारख्या शोधनानं रोग्याचं शरीर रिकामं झालं की त्याला एकदम जेवण द्यायचं नाही, असा वैद्यांचा दंडक होता. पूर्ण शोधन झालेल्या रोग्याला आधी तीन जेवणांच्या वेळी पेया, मग तीन वेळा विलेपी, मग तीन वेळा मुगासारख्या धान्याचं कढण आणि शेवटी तीन वेळा मांसरस. बारा वेळांनंतर नेहमीचं अन्न. याचं कारण देताना चरकसंहिता चुलीचाच दृष्टांत देते. विस्तव अगदी बारीक झाला असेल तर त्यावर ओंडका टाकत नाहीत. आधी गवताची काडी, शेणाचा चुरा घालतात. विस्तव हळूहळू मोठा होतो आणि मग काहीही पचवतो. पोटातल्या अग्नीचंही तसंच. ज्या कोणी हे लिहिलं, त्यानं पहाटेची चूल पेटवताना कोणाला तरी जवळून पाहिलं असणार.

बौद्धांच्या विनयपिटकातल्या 'महावग्गा'तही पेज आहे. तिथे तिचं नाव 'यागू'. एक ब्राह्मण गाड्या भरून धान्य घेऊन बुद्धाच्या संघामागून दोन महिने फिरत होता. भिक्षूंना जेवू घालण्याची आपली पाळी कधी येते, याची वाट पाहत. पाळी काही येईना. घरची कामं खोळंबली. शेवटी अंधकविंद गावी त्यानं स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं की इथे नाही असं काय आहे. पेज नव्हती आणि मधाचे लाडू नव्हते. त्यानं ते करून आणले. बुद्धानं तेव्हा पेजेचे दहा गुण सांगितले. ती आयुष्य देते, कांती देते, सुख देते, बळ देते, बुद्धीला तरतरी देते. भूक घालवते, तहान शमवते, वायू सरळ करते, बस्ती साफ करते आणि न पचलेलं पचवते. या दहांत 'सुख' आहे, हे मला फार आवडलं. औषधाच्या यादीत सुख सहसा सापडत नाही.

आता जरा आपल्या किनाऱ्यावर येऊ. १५३४ साली गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही त्याचं जाणं-येणं होतं. इथल्या औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीवर एक संवाद आहे. या रोगाला इथले लोक काय म्हणतात ते त्यानं नोंदवलं आहे आणि ते आहे आपल्या 'मोडशी'चंच पोर्तुगीज वळणाचं रूप. इथे रोग्याला काय पाजतात तेही त्यानं लिहिलं आहे. तांदळाचं पिळून काढलेलं पाणी, त्यात मिरी आणि जिरं. याला म्हणतात 'कांजे'. म्हणजे साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी एक युरोपीय वैद्य आपल्या पेजेची कृती लिहून घेत होता!

दक्षिणेतला 'कांजी' हा शब्द पोर्तुगीज असे घेऊन गेले की आजही पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये कोंबडीच्या, भात घातलेल्या सूपला 'कांजा' म्हणतात. आजारी माणसाला, बाळंतिणीला तिकडे तेच देतात. एखादं काम अगदी सोपं असलं की तिकडची माणसं "ही तर कांजा!" असं म्हणतात. घोट घेतला आणि गिळला, दातांनाही त्रास नाही. मघाचं ते हॉटेल आठवा. त्याला आपण रेस्टॉरंट म्हणतो ना? अठराव्या शतकात पॅरिसमध्ये हे नाव एका रश्श्याचं होतं. अशक्त माणसाला पुन्हा उभं करणारा रस्सा, म्हणून 'रेस्तोराँ'. तो विकणाऱ्या दुकानांना पुढे तेच नाव चिकटलं. जगात कुठेही जा, या पातळ, गरम पदार्थाच्या मुळाशी एक दुबळं झालेलं माणूस सापडतं.

यात शास्त्र किती? १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचं शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. त्यांनी पाण्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा कालवला आणि ते पाणी रोग्यांना तोंडानं पाजायला नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आलं. आतड्यातून साखर आत शिरताना मिठाला आणि पाण्याला सोबत घेऊन जाते, हे त्यामागचं मर्म. पुढे १९८० च्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचं पीठ वापरून पाहिलं आणि पटकीच्या रोग्यांना तेही उपयोगी पडलं. तांदळाच्या पिठाचीही पोटात हळूहळू साखरच होते. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. याचा अर्थ जुलाब झाल्यावर पेज पीत घरी बसावं असा नाही, डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण पेजेत चिमूटभर मीठ टाकणारी आजी अगदीच अंधारात नव्हती.

इथपर्यंतचा इतिहास सांगायला सोपा आहे. ग्रंथात आहे, अभिमान वाटावा असा आहे. पेजेची एक दुसरीही बाजू आहे आणि तिच्याबद्दल आम्ही कोकणातली माणसं चारचौघांत बोलत नाही. पेज हे गरिबाचं अन्न आहे. मूठभर तांदळात घरातली सगळी पोटं भरायची असतील तर पाणी वाढवण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. "त्यांच्याकडे काय, पेजेवर दिवस!" असं कोणाबद्दल म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. आम्ही परळला चाळीत राहायचो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं जो तो म्हणत होता. एप्रिलात शाळेची परीक्षा झाली आणि वडिलांनी आईला आणि आम्हा तिघा भावंडांना एस.टी.त बसवून गावी पाठवलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. संप मिटला नाही. आमचं मुंबईला परतणं झालं नाही.

त्या वर्षी आम्ही दोन्ही वेळा पेज प्यायलो. आई करवंटीच्या डवलीनं भांड्याच्या तळाशी जाऊन आम्हाला वाढायची. आमच्या ताटलीत शितं असायची. ती स्वतः शेवटी बसायची आणि वाडगा तोंडाला लावायची. "तुला शितं नकोत?" असं मी एकदा विचारलं होतं. "माका निवळच बरी लागता," ती म्हणाली. माझा विश्वास बसला. आईला पेजेवरचं पाणी आवडतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं लोकांना कौतुकानं सांगत असे.

चौदापट पाण्याचा आणि शितं काढलेल्या मंडाचा उल्लेख वाचला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. रोग्यासाठी ग्रंथकारांनी जे सांगितलं, ते माझी आई धडधाकट असताना, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात लावणी करून आल्यावर पीत होती. पुस्तक मिटून मी बराच वेळ तसाच बसलो. ज्या पेजेची आठवण मला ऊब देत आली होती, तिची किंमत कोणी चुकती केली हे मला तीस वर्षं कळलं नव्हतं. त्या दिवसापासून गरिबीतल्या साध्या जेवणाचे गोडवे मी जरा जपून गातो.

मग ती पेज मला अजूनही का आवडते? आजारपणात डोक्याशी बसून फुंकर घालत भरवलेली पेज आणि संपाच्या वर्षातली पेज, दोन्हींची चव एकच होती. दोन्ही वेळा मी दुबळा होतो आणि कोणीतरी माझ्यासाठी तळाशी डवली घालत होतं. स्वतःसाठी रांधून घेतलेल्या पेजेनं पोट भरतं, पण तसं वाटत नाही. मी करून पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी आईच्या पोटाची शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पातळ द्यायला परवानगी दिली, शितं मात्र अजिबात नकोत म्हणाले. मी घरी उकडे तांदूळ शिजवले, गाळले, मीठ घातलं आणि थर्मासमधून पेज घेऊन गेलो. उशाशी बसून चमच्यानं भरवू लागलो. दोन चमचे झाले. तिनं वाटीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "शितां कोणाक दिलंस?"

ती मी टाकून दिली होती. हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)