विझवलेल्या वणव्यांचे ऋण

२० ऑगस्ट १९१० रोजी अमेरिकेतील आयडाहो व मोंटाना राज्यांत वादळी वाऱ्याने अनेक लहान वणवे एकत्र आले आणि अवघ्या दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर अरण्य भस्मसात झाले. ८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत बहुतेक आग विझवणारेच होते. १९०५ साली स्थापन झालेल्या अमेरिकी वनसेवेने या आपत्तीतून एकच बोध घेतला : आग ही अरण्याची वैरीण आहे.

त्या काळी याहून निराळे सांगणारेही होते. कॅलिफोर्नियातील कारुक, युरोक आदी आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या योग्य ऋतूत मंद आगी लावीत. त्यांत पालापाचोळा व झुडपे जळून जात. जाड सालीच्या मोठ्या पाइन वृक्षांना फारशी इजा होत नसे. काही जंगलमालकांनी हीच रीत चालू ठेवावी असे सुचविले, तेव्हा वनाधिकाऱ्यांनी तिला एका आदिवासी जमातीच्या नावाने ‘पायूट वनविद्या’ म्हणून हिणवले.

१९१० चा वणवा जवळून अनुभवलेले फर्डिनंड सिलकॉक्स १९३३ साली वनसेवेचे प्रमुख झाले. १९३५ मध्ये त्यांनी दंडक घातला : वणवा दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तो आटोक्यात आलाच पाहिजे.

प्रयत्न प्रामाणिक होता आणि बऱ्याच अंशी सफलही झाला. परंतु त्या साफल्यातच अनर्थाचे बीज होते. एरवी दर काही वर्षांनी जळून जाणारा पाचोळा साठत गेला. महावृक्षांखाली कोवळ्या झाडांची दाटी झाली आणि जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत चढण्यास जणू शिडीच मिळाली. सेक्वोया वृक्षांचे तर नवे रोपही दिसेनासे झाले. कारण आगीच्या धगीने त्यांची शंकूफळे उघडतात आणि जळून मोकळ्या झालेल्या मातीत बी रुजते.

१९६३ साली स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने राष्ट्रीय उद्यानांविषयीच्या अहवालात ही चूक दाखवून दिली. १९६८ मध्ये उद्यान खात्याने व १९७८ मध्ये वनसेवेने आपले धोरण बदलले. मात्र साठलेले जळण कागदावरच्या ठरावाने नाहीसे होत नाही. त्यातच तापमान वाढले, दुष्काळ पडले. २०२० च्या कॅसल वणव्यात, शतकानुशतके आगी सोसून उभे असलेले हजारो सेक्वोया नष्ट झाले.

अलीकडे कॅलिफोर्नियातील वनाधिकारी कारुक व युरोक जाणत्यांसमवेत पुन्हा मंद आगी लावू लागले आहेत. ज्यांना अडाणी ठरवले, त्यांच्याकडूनच शिकण्याची ही वेळ आली. पण तोवर एक शतक लोटले होते.