मॉर्टनची गाठ नक्की कोणाची?

चालता चालता तळपायाच्या पुढच्या भागात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या बेचक्यात आग होते. बुटात खडा गेल्यासारखं वाटतं. बूट काढून झटकावा तर आत काहीच नसतं. पाय चोळला की जरा बरं वाटतं. या दुखण्याला ‘मॉर्टन्स न्यूरोमा’ म्हणतात. मला ते जडलं म्हणून मी त्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि कळलं की या नावातले दोन्ही शब्द फसवे आहेत.

१८३५ साली इटलीतल्या पिस्तोइया शहरात फिलिप्पो चिविनीनी या शरीररचनेच्या अभ्यासकाने तळपायातल्या नसेवरच्या एका फुगवट्याची नोंद केली. पण विच्छेदनाच्या टेबलावरचा पाय कुठे दुखतंय ते सांगत नाही.

दुखणं ऐकलं लंडनच्या ल्युइस डरलाकरने. पायांची कुरुपं काढणं, नखांची निगा राखणं हा त्याचा व्यवसाय. राणी व्हिक्टोरियाच्या पायांची काळजीही त्याच्याकडेच होती. १८४५ च्या आपल्या पुस्तकात त्याने हे दुखणं वर्णन केलं आणि बोट थेट नसेकडे दाखवलं.

थॉमस मॉर्टन आला त्यानंतर ३१ वर्षांनी. फिलाडेल्फियाच्या या सर्जनने १८७६ साली दोष चौथ्या बोटाच्या सांध्यावर ठेवला आणि सांधा कापून काढण्याचा उपाय सुचवला. नाव मात्र त्याचंच चिकटलं. १९४० साली ऑस्ट्रेलियात बेट्सने पुन्हा नसेलाच जबाबदार धरलं. ‘न्यूरोमा’ म्हणजे नसेची गाठ, तीही इथे खऱ्या अर्थाने नसते. सतत दाबली गेल्याने नसेभोवतीचं आवरण जाड होतं, इतकंच.

माझा एक्स-रे नॉर्मल आला तेव्हा ‘काही नाहीये, जास्त विचार करू नका’ असं मला सांगण्यात आलं. एक्स-रेत हाड दिसतं, नस दिसत नाही. हाडाशीच थांबणारी ही नजर मला मॉर्टनच्या सांध्याची आठवण करून देते.

१९५१ साली मुल्डरने एक साधी तपासणी सांगितली: चवडा दोन्ही बाजूंनी हाताने दाबायचा, त्याच वेळी बेचक्यात अंगठ्याने दाब द्यायचा. आत काहीतरी ‘कट्’ करून सरकतं आणि तीच ओळखीची कळ उठते. त्यासाठी यंत्र लागत नाही. समोरच्या माणसाचं म्हणणं खरं मानून त्याचा पाय हातात घ्यावा लागतो. राजघराण्याची कुरुपं काढणारा डरलाकर रोज हेच करत होता.