विळ्याची उपमा

रोगांच्या नावांत उपमा फार असतात. रोग्याला किंवा वैद्याला जे आधी दिसले, त्याच्या ओळखीच्या वस्तूशी त्याने त्याची तुलना केली आणि पुढे ती तुलनाच नाव होऊन बसली. ‘सिकलसेल’ हे असेच एक नाव. इंग्रजीतला सिकल म्हणजे आपला विळा, खान्देशी तोंडी इळा. या नावाचा इतिहास पाहिला की वैद्यकीय शिक्षणाचाही एक धागा हाती लागतो आणि तो धुळे-जळगावपर्यंत येऊन पोचतो.

१९०४ च्या अखेरीस शिकागोच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून तो दंतवैद्यक शिकायला आला होता. त्याचे रक्त तपासले ते अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. काचपट्टीवरच्या तांबड्या पेशी त्याला गोल दिसल्या नाहीत. त्याने त्या लांबट, नासपतीच्या आकाराच्या असल्याची नोंद केली आणि शेजारी रेखाटन केले. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रुग्णावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा नासपतीच्या जोडीला विळा आला. १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी रोगाचे नाव विळ्यावरूनच ठेवले आणि नासपती मागे पडली. निबंधावर लेखक म्हणून नाव एकट्या हेरिकांचे आहे. नोएल शिक्षण संपवून बेटावर परतला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने वारला.

मला या कथेत महत्त्वाचा वाटतो तो इंटर्न. हा रोग कोणता, हे हेरिकांनाही नक्की सांगता आले नव्हते. सिद्धान्त नसताना जे दिसले ते शब्दांत आणि रेषांत उतरवून ठेवणे, एवढेच काम त्या उमेदवाराने केले. विकृतिशास्त्राचे सारे शिक्षण शेवटी याच कामाचे शिक्षण आहे. साहित्याच्या वर्गात आपण ज्याला संहितेचे बारकाईने वाचन म्हणतो, त्याहून ते फार वेगळे नाही.

भारतात हा विळा दिसायला १९५२ साल उजाडले. त्या वर्षी लेमन आणि कटबुश यांना तो निलगिरीच्या आदिवासींत आढळला, तर आसामच्या चहामळ्यांतील मजुरांविषयीही नोंद प्रसिद्ध झाली. १९५८ मध्ये शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळ ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत या दोषाचे प्रमाण मोठे आहे, हे पुढच्या पाहण्यांनी स्पष्ट केले. अक्कलकुवा, धडगाव, शिरपूर, चोपडा, यावल हा सगळा या समाजांचा मुलूख. (१९९८ पर्यंत आजचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातच होता, हे येथे ध्यानात ठेवावे.) पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी याच रोगाच्या कामात आयुष्य घातले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

आई-वडील दोघांकडून दोष आला तर रोग होतो, एकाकडूनच आला तर माणूस सहसा धडधाकट राहतो. अशा एकेरी दोषाच्या माणसाला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. जंगलपट्ट्यात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यामुळे. पण असा दोष असलेल्या दोघांचे लग्न झाले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी निपजण्याची शक्यता चारात एक.

एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या टप्प्यात विद्यार्थी विकृतिशास्त्र शिकतो. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय, २०१८ मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय महाविद्यालय आणि अलीकडचे नंदुरबारचे, तिन्ही ठिकाणी अभ्यासक्रम एकच. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचे आणि वरची काच कडेने बंद करायची. प्राणवायू संपत जातो तशा गोल पेशी डोळ्यांदेखत वाकतात. परीक्षेसाठी मात्र बहुधा तयार काचपट्टी असते. तिच्यावर क्रमांक असतो, गाव नसते.

२०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने ‘इलेक्टिव्ह’ म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा काळ आणला. त्याचे दोन भाग होते. पहिल्यात प्रयोगशाळा किंवा संशोधन, दुसऱ्यात रुग्णालयाचा विभाग किंवा ग्रामीण दवाखाना. आरंभी दोन महिन्यांचा असलेला हा काळ २०२३ च्या नियमांत एका महिन्यावर आला, म्हणजे भागाला जेमतेम पंधरवडा. ही कपात मला चुकीची वाटते. मोठ्या शहरातल्या नामांकित विभागाचे आकर्षण स्वाभाविक आहे, पण खान्देशातल्या विद्यार्थ्याला काचपट्टी आणि ती ज्याच्या रक्ताची आहे ते घर, ही दोन्ही एका बसच्या अंतरावर आहेत. हे भाग्य शिकागोच्या आयर्न्सलाही नव्हते.

त्या घरी गेल्यावर खरी अडचण भाषेची. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे उद्दिष्ट चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे आहे. तपासणीनंतर अहवालात जो शब्द येतो तो ‘वाहक’. मराठी माणसाला वाहक माहीत आहे तो एस.टी.तला, तिकिटे फाडणारा. ज्याची घरची बोली पावरी किंवा भिलोरी आहे, त्याला या संस्कृत शब्दातून एवढेच कळते की आपण काहीतरी वाहतो आहोत, बहुधा रोगच, आणि तो दुसऱ्याला लागेल. प्रत्यक्षात तो रोगी नाही आणि त्याच्यापासून कोणाला संसर्गही नाही. प्रश्न आहे तो जोडीदाराच्या रक्ताचा. लग्न ठरण्याच्या वयातल्या मुलीच्या कागदावर हा शब्द पडला आणि समजावणारा कोणी नसला, तर काय होईल हे सांगायला नको. पारिभाषिक कोशांनी ‘वाहक’ दिला आणि त्यांचे काम संपले. त्या मुलीला तिच्या बोलीत काय म्हणायचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही. पंधरवड्यासाठी तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते तिच्या अंगणात बसून, तिच्याच शब्दांत शोधावे लागेल.