‘आता घरी घेऊन जा’ म्हटल्यावर पुढं काय?

आमच्या आत्याला कॅन्सर झाला तेव्हा शेवटी आम्हाला एकच वाक्य ऐकवलं गेलं, “आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी घेऊन जा.” आम्ही घेऊन आलो. पुढचे दोन महिने ती रात्र रात्र कण्हत होती आणि आम्ही मेडिकलमधून साध्या गोळ्या आणून देत होतो. फार उशिरा कळलं, की ते वाक्य अर्धंच खरं होतं. आजार बरा करता येत नव्हता, पण दुखणं कमी करता आलं असतं.

याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. वेदना, दम लागणं, जखमा, मनाची घालमेल, घरच्यांची ओढाताण, या सगळ्यावर उपचार. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं आणि या कामाला आजचं रूप आलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच राज्यातलं. १९८६ मध्ये डॉ. लुइस डिसोझा यांनी वांद्र्याला शांती अवेदना सदन उभारलं. पुण्यात वारजे इथं सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे.

१९८६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेसाठी औषधांच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सगळ्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन. पण आपल्याकडं आदल्याच वर्षी, १९८५ ला, अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला होता. हेतू नशेखोरी रोखण्याचा, पण त्यात रुग्णही भरडले गेले. प्रत्येक राज्याचे परवाने वेगळे, चूक झाली तर तुरुंगाची भीती. दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, डॉक्टरांनी लिहिणं सोडलं. नीमच-मंदसौरच्या शेतात अफू पिकते, ती औषधासाठी परदेशात जाते, आणि आपली माणसं मात्र तळमळत राहतात! २०१४ च्या दुरुस्तीनं मॉर्फिनसह सहा औषधांसाठी एकाच परवानगीची सोय झाली. कायदा बदलला, मनातली भीती मात्र तीस वर्षांची मुरलेली. ‘सवय लागेल’ असं अजूनही सांगितलं जातं. जाणकार डॉक्टरच्या देखरेखीखाली योग्य मात्रा दिली तर तो धोका फार कमी असतो.

मग गावात हे कसं पोहोचवायचं? केरळनं करून दाखवलं. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी एक छोटा दवाखाना काढला. पुढं गल्लीतलेच स्वयंसेवक शिकून तयार झाले, नर्स घरोघरी जाऊ लागल्या, आणि २००८ मध्ये सरकारनं धोरण करून पंचायतींना यात आणलं. यावर कुणी म्हणेल, केरळ शिकलेलं राज्य, आपल्याकडं कुठं जमायचं?

त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू केलं. आधी गावोगाव शिकलेल्या नर्स पाठवून पाहिल्या, ते जमलं नाही. मग गावानंच निवडलेल्या बायांना शिकवलं. त्यातल्या बऱ्याच निरक्षर, कित्येक दलित. त्यांनी बाळंतपणं सांभाळली, पोरांची हगवण आटोक्यात आणली. आणि ज्यांना घरच्यांनीही दूर लोटलं होतं, त्या कुष्ठरोग्यांचे उपचार गावातच, घरीच केले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर देशभर आलेल्या ‘आशा’ ताईंमागं जी प्रेरणा होती, त्यात जामखेडचा वाटा मोठा.

म्हणजे जन्माच्या वेळी गावातली बाई दारात उभी राहू शकते, हे आपल्या जिल्ह्यानं पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केलं. मग मरणाच्या वेळी ती का नको? केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान योजनेत आरोग्य केंद्रांना ज्या बारा सेवा नेमून दिल्या, त्यात वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवाही आहे. आता ती कागदावरून घरात यायला हवी.

त्यासाठी मोठं हॉस्पिटल लागत नाही. तालुक्याला एक शिकलेला डॉक्टर आणि मॉर्फिनची परवानगी असलेला दवाखाना, घरी जाणारी एक नर्स, आणि गावात कोण अंथरुणाला खिळलंय हे माहीत असलेली आशाताई. पण हे काम आशाताईंच्या डोक्यावर फुकट लादू नका. त्याचं शिक्षण द्या आणि वेगळे पैसे द्या. आत्याचं सगळं तिच्या सुनेनं एकटीनं काढलं, तिला विचारणारंही कुणी नव्हतं. घरच्या बाईवर आणि गावच्या बाईवर ढकलून दिलं की सेवा झाली, असं होत नाही.

येत्या ग्रामसभेत एवढंच विचारा : आपल्या गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती, त्यांची यादी आहे का, आणि त्यांचं दुखणं कमी करायला घरी कोण येतं? उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सभेत पुन्हा विचारा. रस्ता आणि गटार आपण असंच मागून घेतलंय. हेही मागू.