नेहरू प्लेसची सीडी, पेन्शनरचा फोन

नोव्हेंबर उजाडला की दिल्लीतल्या पेन्शनरांची एकच लगबग: हयातीचा दाखला. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावावी लागे. १० नोव्हेंबर २०१४ला ‘जीवन प्रमाण’ ही सरकारी सोय आली आणि बोटाच्या ठशावर काम भागू लागलं. २०२१च्या अखेरीस चेहरा ओळखणारं अ‍ॅपही आलं. अँड्रॉइड फोन तोंडासमोर धरायचा, पापणी मिटायची, की आपण जिवंत असल्याचं सरकारला पटतं. त्या फोनच्या तळाशी लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, चालू असतो, हे मात्र थोड्याच आजोबांना ठाऊक असतं.

त्या थोड्यांचा लिनक्सचा छंद या शहरात जुना आहे.

लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या कामाची वर्दी दिली, तीही हौसेखातर चाललेला उद्योग म्हणूनच. दिल्लीला लिनक्सची ओळख व्हायला आधी इंटरनेट यावं लागलं. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने ते महानगरांत खुलं केलं. त्यातलं स्वस्त खातं ‘शेल’चं. चित्रं नाहीत, पडद्यावर नुसती अक्षरं आणि पलीकडे युनिक्सचं यंत्र. तिथे कमांड टंकायची सवय झालेल्यांना घरच्या पीसीवर तसंच काही फुकट मिळतंय म्हटल्यावर मोह आवरेना.

फुकट खरं, पण आणायचं कसं? ६५० एमबीची एक सीडी २८.८ केबीपीएसच्या मोडेमवर उतरवायची तर दोन दिवसांहून अधिक वेळ फोनची लाइन अडकणार. ही अडचण सायबरमीडियाच्या ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाने सोडवली. नव्वदच्या दशकात त्यांनी अंकासोबत लिनक्सची सीडीच द्यायला सुरुवात केली. सुटे भाग घ्यायला नेहरू प्लेसचा संगणकबाजार होताच. पुढची परीक्षा घरी: लिनक्स बसवायला हार्ड डिस्कचे भाग पाडताना एक आकडा चुकला की विंडोज गेलं आणि त्याबरोबर मुलांचे गेमही. २००० साली राजपूर रोडवरच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेत ‘सराय’ हा उपक्रम सुरू झाला आणि मुक्त सॉफ्टवेअर हिंदीत आणण्याच्या खटपटीलाही दिल्लीत ठिकाण मिळालं.

२००८मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला आणि सगळं उलटं झालं. लिनक्स बसवायचं कामच उरलं नाही, ते आयतं खिशात आलं. छंद आता अ‍ॅप लिहिण्याकडे वळला. उशिरा सुरुवात करणाऱ्यांना जपानच्या मासाको वाकामिया माहीत असतात: बँकेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी २०१७ साली, वयाच्या ८१व्या वर्षी, हिना बाहुल्या मांडण्याचा खेळ आयफोनसाठी तयार केला.

खर्चाच्या बाजूने पाहिलं तर हा छंद पेन्शनीत बसतो. अ‍ॅप लिहिण्याचं साधन, अँड्रॉइड स्टुडिओ, फुकट आहे, पण त्याला किमान ८ जीबी रॅम लागते. मग नातवाने टाकून दिलेला लॅपटॉप कपाटातून निघतो, नेहरू प्लेसमध्ये त्याची रॅम वाढवली जाते आणि वर लिनक्स चढतं. गूगल प्लेवर अ‍ॅप ठेवण्याच्या खात्याला एकदाच २५ डॉलर. खरी मेख पुढे आहे. नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुलं करण्याआधी परीक्षक गोळा करावे लागतात. २०२३मध्ये ही अट २० जणांची होती, नंतर ती १२ वर आली. त्यांनी सलग १४ दिवस चाचणीत टिकून राहायचं. नोएडातल्या एखाद्या सोसायटीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा कट्टा असेल, तर बारा माणसं जमतात. चौदा दिवस अ‍ॅप कुणी काढून टाकू नये, यासाठी मात्र रोज चहा पाजावा लागतो.