खळ आणि कात्री

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ सिरोंचा नांवाचें एक लहानसें तालुक्याचें गांव आहे. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, आणि तिचें पाणी येथें गोदावरीला मिळतें. पलीकडच्या तीरावर तेलंगणांतील काळेश्वराचें देऊळ. 1860 सालीं निजामाकडून हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हां सिरोंचा हें अप्पर गोदावरी जिल्ह्याचें ठाणें झालें. 1874 मध्यें तो जिल्हा मोडून चांद्याला जोडण्यांत आला, आणि 1982 पासून हा भाग गडचिरोली जिल्ह्यांत आहे. घरांत तेलुगु, शाळेंत मराठी, बाजारांत दोन्ही आणि रानांत माडिया व गोंडी, अशी तेथील बोलण्याची तऱ्हा. मी कांहीं भूगोल सांगावयास बसलों नाहीं. परंतु आज ज्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, तिचा आरंभ या गांवांतल्या एका घरांत झाला, आणि तो पाण्यामुळें झाला.

2022 सालच्या एप्रिलांत सिरोंच्यास प्राणहितेचा पुष्कर भरला. बारा वर्षांनीं येणारी ही पर्वणी. दूरदूरचे लोक स्नानाला आले होते. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत नद्यांनीं असें रूप धरलें कीं, तालुक्यांतील अनेक गांवांना घरेंदारें सोडून उंचावर जावें लागलें. पुढें हिंवाळ्यांत मी तिकडे गेलों, आणि एका ओळखीच्या घरीं उतरलों. त्या घरांतल्या आजीबाईंची पांडवप्रतापाची पोथी पुरांत सांपडली होती. जुन्या पद्धतीची, आडव्या सुट्या पानांची, ठळक टाइपांत छापलेली ती पोथी. तिचा खालचा अर्धा भाग चिखलानें विटेसारखा घट्ट झाला होता. वरचीं पानें मात्र डागाळूनहि वाचतां येत होतीं. जीर्ण पोथी नदीला द्यावी असा आपला रिवाज. त्याप्रमाणें आजीबाई ती प्राणहितेंत सोडणार, तोंच नववींत शिकणाऱ्या त्यांच्या नातीनें ती मागून घेतली.

नातीनें काय केलें तें सांगतों. घरांत कोणा लाकडाच्या ठेकेदाराच्या हिशेबाची एक मोठी बांधीव वही पडून होती. तिच्या पानांवर या मुलीनें सागाचा कोंवळा पाला चोळून तांबूस रंग दिला. सागाचें कोंवळें पान तळहातावर चोळलें म्हणजे हात लाल होतो, हें रानाजवळच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतें. रंगाखालून जुने आंकडे पुसट दिसत राहिले. मग भाताच्या पेजेची खळ करून पोथीचीं वाचण्याजोगीं पानें तिनें एकेक करून वहींत बसविलीं. गेलेल्या ओंव्या शेजारच्या घरच्या पोथीवरून उतरून मध्यें घातल्या. कडेला कोठें पळसाचें वाळलेलें पान, कोठें लग्नपत्रिकेवरचा गणपति, कोठें आगपेटीवरचें चित्र. आणि एका पानावर, पाणी घरांत कोठवर चढलें तें दाखविणारी एक आडवी रेघ, पुराचाच चिखल पातळ करून ओढलेली. जुनें पुस्तक रंगवून, कापून, चिकटवून त्याचें नवें करावें, असें एक वेड यूरोप-अमेरिकेंत बरेंच पसरलें आहे, आणि आपल्या मोठ्या शहरांतूनहि त्याचे वर्ग निघूं लागले आहेत. त्या मुलीला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

आजीबाईंना मात्र तें रुचलें नव्हतें. "पोथीला कात्री लावूं नये, गुरुजी," त्या मला म्हणाल्या. "सरस्वती असते ती. दसऱ्याला आपण तिची पूजा करतों, आणि ही पोर तिला खळ फांसते." मी तेव्हां कांहींच बोललों नाहीं. पुस्तकाला पाय लागला तर हात जोडणाऱ्या घरांत मीहि वाढलों आहें. पण आपल्या लोकांनीं पुस्तकाला खळ आणि कात्री कधीं लावली होती काय, आणि लावली असेल तर त्यांतून काय टिकलें आणि काय गेलें, हें परत आल्यावर मी पाहूं लागलों.

पाहतां पाहतां असें ध्यानांत आलें कीं, आपला जुना कागद हाच मुळीं ठिगळांचा. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत तो चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून केलेल्या लगद्यांतून निघे. मग त्याला खळ लावून गुळगुळीत दगडानें घोटीत, तेव्हां कोठें बोरू त्यावरून सरळ चाले. त्यावर लिहिणाराची चूक झाली तर तो पान टाकून देत नसे. हरताळ नांवाचें पिवळें खनिज उगाळून तें चुकलेल्या अक्षरांवर फांशी, आणि वाळल्यावर त्यावरच शुद्ध अक्षर लिही. 'वचनाला हरताळ फांसला' असें आपण रागानें म्हणतों, त्या बोलीचें मूळ येथें आहे. (बाजार बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो गुजराथेंतून आला, आणि त्यांत दुकानाचें कुलूप आहे.) पोथी लिहिणाराच्या हातीं मात्र हरताळ म्हणजे दुरुस्ती. कित्येक जुन्या पोथ्यांवर हे पिवळे पट्टे अजून दिसतात, आणि खालचें अक्षर कधीं कधीं वर डोकावतें.

मोडी दप्तरांतली तऱ्हा याहून मोठी मौजेची. पत्र लांबलें म्हणजे कागदाचे तुकडे एकाखालीं एक चिकटवून तें वाढवीत. आतां चिकटविलेला कागद म्हणजे लबाडीला वाव. मधला तुकडा काढून दुसरा घालतां येईल. म्हणून महत्त्वाच्या कागदांत जोडावरच मागल्या अंगानें शिक्का उठवीत. अर्धा शिक्का वरच्या तुकड्यावर, अर्धा खालच्यावर. कोणीं जोड उखडला तर शिक्का तुटावा. जेथें खळ लागली तेंच पत्राचें सर्वांत भरंवशाचें ठिकाण झालें!

मोगलांच्या दरबारीं तर चिकटविण्याचें राजेशाही शास्त्र झालें होतें. चित्रें आणि सुंदर अक्षरांचे नमुने जमवून जे संग्रह बांधीत त्यांना मुरक्का म्हणत. या अरबी शब्दाचा अर्थ ठिगळें जोडून केलेलें. फकिराच्या ठिगळांच्या झग्यालाहि तोच शब्द. आपण त्याला गोधडी म्हणूं. 1580 सालीं फत्तेपूर शिक्रीस आलेल्या जेझुइट पाद्य्रांनीं अकबराला अनेक भाषांतील एक भव्य छापील बायबल नजर केलें. अशीं पुस्तकें आणि सुटीं मुद्राचित्रें येऊं लागलीं, तशीं तीं मुरक्क्यांत शिरलीं. जहांगिराच्या गुलशन मुरक्क्यांत इराणी चित्र, हिंदी चित्र, यूरोपांतलें छापील चित्र आणि नस्तालिक अक्षर हीं एकत्र नांदतात. चित्र लहान असलें तर भोंवतीं नवा रुंद समास जोडीत आणि त्यावर सोन्याचीं माणसें, झाडें काढीत. दोन चित्रें समोरासमोर, पान उलटलें कीं दोन अक्षरपानें समोरासमोर, असा क्रम ठरलेला. आज तो मुरक्का तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यांत आहे, आणि त्याच बादशहासाठीं बांधविलेलीं आणखी कांहीं पानें बर्लिनच्या ग्रंथालयांत. क्रम कोठला कोठें गेला!

परंतु बादशहांचें राहूं द्या. गोदावरीच्याच कांठीं, सिरोंच्याच्या पुष्कळ वर, पैठण आहे. त्या गांवीं सांपडलेल्या चित्रांना पैठणी चित्रें म्हणतात. जाड काळी बाह्यरेषा, बाजूनें दिसणारीं तोंडें, मासोळीएवढे डोळे. पुण्याच्या दिनकर केळकरांनीं आपल्या संग्रहालयांत त्यांचा मोठा सांठा जमविला. हीं भिंतीवर टांगण्याचीं चित्रें नव्हेत. तीं चित्रकथ्यांच्या पोथ्यांचीं पानें आहेत. चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत, म्हणजे 1129 च्या सुमारास, आलेला आहे. इतका हा धंदा जुना. सिंधुदुर्गांतील कुडाळजवळच्या पिंगुळी गांवीं ठाकर समाजानें तो आजवर चालविला. सावंतवाडीकरांचा त्याला आश्रय होता. तेथील परशुराम गंगावणे यांनीं 2006 मध्यें आपल्या गोठ्याच्या जागेंत या कलेचें संग्रहालय उभें केलें, आणि 2021 मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली.

या पोथीची बांधणी पाहण्यासारखी आहे. एका कथेचीं तीसपासून पन्नासपर्यंत चित्रें. प्रत्येक चित्र एका बाजूनें काढलेलें. मग दोन चित्रें पाठीला पाठ लावून खळीनें चिकटवावयाचीं. म्हणजे पान ताठ होतें, हातांत धरलें तरी लवत नाहीं, आणि उलटलें कीं पुढला प्रसंग समोर येतो. पोथी मांडून एकजण पान धरतो व गातो, साथीदार हुडूक आणि टाळ वाजवितात. पांडवप्रतापांतली, रामविजयांतली कथा रात्रभर चालते. हाताळून पानांच्या कडा झिजतात, त्यांना पट्ट्या लावाव्या लागतात. एखादें चित्र पार गेलें तर तें नवें काढून जुन्याच्या पाठीला लावावें लागतें. तेव्हां एका पानाची एक बाजू आजोबाची आणि दुसरी नातवाची असूं शकते. अशा पोथीला 'ही कोणत्या वर्षाची' असें विचारणेंच चुकीचें. ती गोधडीसारखी चालू राहिलेली असते.

आणि याच पोथ्यांची पुढें काय दशा झाली? संग्राहकांना एकेक पान सुंदर वाटलें. पोथ्या उलगडल्या गेल्या, पानें सुटीं विकलीं गेलीं, देशांत आणि परदेशांत चौकटींत बसलीं. चौकटींत बसलेल्या पानाची एक बाजू भिंतीकडे. बभ्रुवाहन एका शहरांत आणि अर्जुन दुसऱ्या. मधलें युद्ध कोठें आहे हें कोणीं सांगावें? एकाहि पानाला इजा झालेली नाहीं, उलट कांचेखालीं तीं अधिक सुरक्षित आहेत, पण कथा सांगणाराला तीं निरुपयोगी आहेत. मला वाटतें आजीबाईंची भीति हीच होती, फक्त त्यांनीं ती सरस्वतीच्या नांवानें सांगितली.

सिरोंच्याहून नदी ओलांडली कीं ज्या तेलंगणांत आपण शिरतों, तेथील चेर्याल गांवचे नकाशी चित्रकार पोथीऐवजीं कापडाची लांबलचक गुंडाळी करतात. चिंचोक्याची खळ, पांढरी माती, डिंक आणि भाताची पेज यांचा लेप कापडावर देऊन त्यावर तांबड्या भुईची चित्रें काढतात. गुंडाळीचा एक फायदा असा कीं, तिचा क्रम सहजासहजीं विस्कटत नाहीं. विकणाराला कात्रीच लावावी लागते.

कात्रीचा खरा पराक्रम मात्र इंग्रजांनीं केला. जेम्स ग्रेंजर नांवाच्या पाद्य्रानें 1769 सालीं इंग्लंडांतील थोर पुरुषांचा चरित्रकोश छापला. त्यांत चित्रें नव्हतीं. वाचकांना नाद लागला कीं, ज्याचें चरित्र त्याचें चित्र मिळवून आपल्या प्रतींत बसवावें. आणि चित्र मिळवावें कोठून, तर दुसऱ्या पुस्तकांतून फाडून! एक प्रत फुगून अनेक खंडांची होई आणि तिच्यापायीं कितीतरी चांगलीं पुस्तकें लुळीं होत. बिचाऱ्या ग्रेंजरनें स्वतः असें कांहीं केल्याचें नाहीं, पण त्याच्या नांवाचें इंग्रजींत क्रियापद झालें. अमेरिकेचा एके काळचा अध्यक्ष टॉमस जेफरसन यानें 1820 मध्यें, सत्याहत्तराव्या वर्षीं, ग्रीक, लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी नव्या करारांतलीं आपल्याला पटलेलीं वचनें कापून चार रकान्यांत चिकटविलीं. त्याची एक युक्ति लक्षांत ठेवण्यासारखी आहे: त्यानें प्रत्येक पुस्तकाच्या दोन दोन प्रती घेतल्या. छापील पान दोहों बाजूंनीं असतें. एक बाजू चिकटविली कीं दुसरी कायमची बुडाली. ही अडचण पुढें विनोदी लेखक मार्क ट्वेन यालाहि सुटली नाहीं. त्यानें 1873 मध्यें आयत्या डिंकाच्या चिकटवहीचें पेटंट मात्र घेतलें, आणि ती वही चांगली खपली.

हें वाचलें आणि मी चपापलों. सिरोंच्याच्या मुलीजवळ पोथीची प्रत तर एकच होती! पानाची मागली बाजू तिनें कोठें घालविली?

दुसऱ्या वर्षीं श्रावणांत पुन्हां तिकडे जाण्याचा योग आला, तेव्हां मीं ती वही मागून घेऊन नीट पाहिली. पोथीचें एकहि पान कापलेलें नव्हतें. कात्री लागली होती ती ठेकेदाराच्या हिशेबाला. वहीच्या पानांत पोथीच्या पानाहून बोटभर लहान अशी खिडकी कापून, तिच्या कडांना खळ लावून पोथीचें पान चौकटीसारखें बसविलेलें होतें. इकडून वाचावें, उलटून तिकडून वाचावें. ग्रेंजरच्या नादी लागलेले कसबी कारागीर आणि मुरक्का बांधणारे उस्ताद समास जोडतांना जें करीत, तेंच हें. तुला कोणीं शिकविलें असें विचारलें, तर ती म्हणाली, "ओंवी अर्ध्यावर तुटली तर आजी रागावली असती, म्हणून."

न सुटलेली विटेसारखी पोथी त्यांनीं मधल्या काळांत प्राणहितेला दिली होती. वही बासनांत बांधून देवघरांत ठेवली होती, आणि त्या महिन्यांत आजीबाई दुपारीं तींतूनच वाचीत. मुद्रित ओंव्या सरळ चालत. मुलीच्या अक्षराशीं आल्या कीं त्या चष्मा वर करून जरा थांबत, आणि एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला असेल तर तिला हांक मारीत. मला पाहून त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, बांधणारे लोक खळींत कसर लागूं नये म्हणून मोरचूद घालतात, तें हिनें घातलें असेल काय? कारण पान उलटतांना त्यांना बोट जिभेला लावण्याची संवय. मुलीनें आंतून सांगितलें कीं मोरचूद नाहीं, कडुनिंबाचा पाला उकळून घातला आहे. आजीबाईंनीं बोट ओलें केलें आणि पान उलटलें.